मिक्सर मध्येच बंद पडतो किंवा सुरूच होत नाही: शिकाऊ हातांसाठी तपासणीचा क्रम

घरगुती उपकरणांची दुरुस्ती शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती पहिले उपकरण कोणते द्यावे, असे कोणी विचारले तर मी मिक्सर सांगतो. मोटर, स्विच, संरक्षक बटण आणि यांत्रिक जोडणी हे सगळे त्यात एकाच डब्यात सापडते, प्रत्येक भाग डोळ्यांना वेगळा दिसतो, आणि पिन बोर्डातून काढल्यावर आत फारसा धोका उरत नाही. मायक्रोवेव्हचे तसे नाही. त्यातला कपॅसिटर पिन काढल्यानंतरही जीवघेणा ठरू शकतो, म्हणून नवशिक्याला तो उघडू देऊ नये. शिवाय मिक्सरची तक्रार ठरलेली असते. "वाटण वाटताना मध्येच बंद पडला, आता सुरूच होत नाही," हे वाक्य थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा ऐकू येते, आणि कारणे मात्र दर वेळी वेगळी निघतात. एकाच लक्षणामागची निरनिराळी कारणे क्रमाने कशी वगळत जायची, हे विद्यार्थ्याला शिकवायला याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

हा मजकूर शिकवणारा आणि शिकणारा या दोघांसाठी आहे. घरचा मिक्सर बिघडला म्हणून वाचणाऱ्यालाही तो उपयोगी पडेल, फक्त थांबण्याच्या ज्या जागा सांगितल्या आहेत तिथे त्याने खरोखर थांबावे.

लक्षणे

"बंद पडला" एवढ्यावर विद्यार्थ्याने समाधान मानू नये. नॉब फिरवल्यावर आवाज, हालचाल, घरघर यांपैकी काहीच होत नसेल, तर वीज मोटरपर्यंत पोहोचत नाही किंवा मोटरमधून पुढे जात नाही. "घूं" असा दबका आवाज येतो पण पाते फिरत नाही, तेव्हा वीज पोहोचली आहे आणि काहीतरी अडकले आहे. अशा वेळी नॉब त्याच क्षणी शून्यावर आणावा. मोटर नेहमीपेक्षा मोकळी, तीव्र आवाजात फिरते आणि भांड्यातले जिन्नस मात्र जागचे हलत नाहीत, तर मोटर आणि पाते यांच्यातली जोडणी तुटलेली असते. काही मिनिटे चालून बंद पडणे आणि तळाचे लाल बटण दाबल्यावर पुन्हा चालणे हे चौथे लक्षण. एका वेगावर चालतो व दुसऱ्यावर नाही, हे पाचवे. जळक्या वार्निशचा वास, झरोक्यांतून दिसणाऱ्या मोठ्या ठिणग्या, धूर, किंवा मिक्सरला हात लावल्यावर मुंग्या येणे ही लक्षणे वेगळ्या वर्गातली आहेत. ती दिसल्यास पुढचा क्रम न वाचता थेट शेवटच्या भागाकडे जावे.

उपकरणाला हात लावण्यापूर्वी ते वापरणाऱ्या माणसाशी बोलणे हा तपासणीचाच भाग आहे. बंद पडला तेव्हा भांड्यात काय होते, किती वेळ सलग चालला, आधी वास किंवा वेगळा आवाज आला होता का, भांड्याखालून पाणी गळते का, याआधी कोणी उघडला होता का, हे प्रश्न विद्यार्थ्याने वहीत लिहून घ्यावेत. "भाजलेले सुके खोबरे आणि तीळ पाणी न घालता वाटत होतो," हे उत्तर मिळाले की अर्धे निदान झालेले असते. "गेल्या महिन्यात दुकानातून दुरुस्त करून आणला होता," हे उत्तर मिळाले तर मात्र आत काय काय बदलले असेल याची शंका मनात ठेवूनच पुढे जावे लागते.

आधी वाटेचा नकाशा

विद्यार्थ्याला स्क्रू ड्रायव्हर देण्यापूर्वी मी कागद देतो आणि विजेची वाट काढायला सांगतो. बोर्डातून पिन, पिनेतून वायर, वायरीतून वेगाचा स्विच, त्यापुढे लाल बटणाचा ओव्हरलोड (भार वाढला की वाट तोडणारा संरक्षक), मग फील्ड कॉइलचा (मोटरच्या स्थिर गुंडाळीचा) एक भाग, एका बाजूचा कार्बन (घासत वीज पोहोचवणारा तुकडा), आर्मेचर (मोटरचा फिरणारा, गुंडाळीचा भाग), दुसऱ्या बाजूचा कार्बन, फील्ड कॉइलचा दुसरा भाग, आणि परत वायरीतून बोर्डात. मॉडेलनुसार या भागांचा क्रम थोडा मागेपुढे होतो, पण ते सगळे एकाच माळेत ओवलेले असतात हे बदलत नाही. मिक्सरच्या मोटरला युनिव्हर्सल मोटर म्हणतात. तिच्यात फील्ड आणि आर्मेचर एकापाठोपाठ एक जोडलेले असल्यामुळे माळेत कुठेही एक जागा तुटली तरी संपूर्ण मिक्सर निपचित पडतो. सैल पिन आणि जळालेले आर्मेचर या दोन टोकांच्या दोषांचे बाह्य लक्षण म्हणूनच हुबेहूब सारखे असू शकते. तपासणी स्वस्त आणि सोप्या जागेपासून सुरू करायची ती याच कारणासाठी. लक्षणावरून जागा कळत नाही, म्हणून जिथे हात सहज पोहोचतो ती जागा आधी वगळायची.

पिन काढणे, केवळ बटण बंद करणे नव्हे

प्रत्येक तपासणीआधी पिन बोर्डातून पूर्ण काढून टेबलावर डोळ्यांसमोर ठेवावी. बोर्डावरचे बटण एकच तार तोडते. ती फेजची, म्हणजे वीज आणणारी, असावी असा नियम आहे, पण जुन्या घरांत आणि घाईत केलेल्या वायरिंगमध्ये फेज व न्यूट्रल (परतीची तार) उलटे जोडलेले आढळतात, आणि मग बटण बंद असूनही मिक्सरच्या आत फेज जिवंत राहते. काही मिक्सरमध्ये रेडिओ-टीव्हीतला खरखराट टाळण्यासाठी छोटा कपॅसिटर असतो, म्हणून पिन काढल्यावर तिच्या धातूच्या टोकांना लगेच बोटे लावू नयेत आणि उघडण्याआधी मिनिटभर थांबावे. हात, टेबल आणि जमीन कोरडी असावी. सरावाच्या बोर्डाला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला असेल तरच विद्यार्थ्याला चालू विजेजवळ उभे करावे, हे माझे ठाम मत आहे.

पहिली तपासणी: बोर्ड आणि पिन

त्याच सॉकेटमध्ये दुसरे उपकरण लावून पाहायचे, पण मोबाइलचा चार्जर नाही. ७५० वॉटचा मिक्सर २३० व्होल्टवर पूर्ण भार असताना सुमारे सव्वातीन ॲम्पिअर प्रवाह घेतो. चार्जरला लागणारा अगदी किरकोळ प्रवाह सैल, काजळलेल्या जोडातूनही जातो, त्यामुळे चार्जर चालला म्हणून सॉकेट चांगले ठरत नाही. इस्त्री लावून पाहावी. टेस्टरच्या दिव्यावरही विसंबू नये. फेज असेल आणि न्यूट्रल तुटलेला असेल तरी टेस्टर पेटतो, आणि नवशिका "वीज आहे" असे समजून मिक्सर उघडत बसतो.

पिनेची टोके पाहावीत. ती काळसर झाली असतील किंवा सॉकेटचे प्लॅस्टिक तपकिरी पडले असेल, तर जोड सैल होऊन तापत होता. मिक्सर लांब, बारीक तारेच्या एक्स्टेन्शन बोर्डावर चालवला जात असेल तर तो काढून भिंतीतल्या सॉकेटवर चालवून पाहावा, कारण बारीक तारेत व्होल्टेज पडते, मोटरचा जोर कमी होतो आणि घट्ट वाटणात ती रेटा लावत तापते. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरते तिथेही हेच घडते. मिक्सर सकाळी नीट चालतो आणि संध्याकाळी बंद पडतो अशी तक्रार आली तर दोष मिक्सरबाहेर शोधावा.

दुसरी तपासणी: भांडे नीट बसले आहे का

अनेक नव्या मिक्सरमध्ये भांडे खाचेत पूर्ण बसल्याशिवाय, काहींत झाकण लॉक झाल्याशिवाय, मोटरला वीजच मिळत नाही. ही खाच पिठाच्या लगद्याने भरते, किंवा भांड्याच्या बुडाचा प्लॅस्टिकचा दात झिजतो, आणि मिक्सर मेल्यासारखा वाटतो. पिन काढून खाच ओल्या फडक्याने साफ करून, कोरडी करून, दुसरे भांडे बसवून पाहावे. ही सुरक्षेची कळ काडी खुपसून दाबून ठेवण्याचा मोह विद्यार्थ्याला होतो. तो तिथल्या तिथे मोडून काढला पाहिजे, कारण उघड्या कपलरवर (मोटर आणि पाते जोडणाऱ्या दातेरी भागावर) किंवा पात्यावर मोटर सुरू होऊ नये यासाठीच ती कळ आहे.

तिसरी तपासणी: लाल बटण

तळाशी किंवा मागच्या बाजूला असणारे लाल बटण हा या साऱ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार आहे, आणि त्याच्याविषयी सर्वाधिक गैरसमज आहेत. ते बिघडलेले बटण नसून तापमान व प्रवाह वाढल्यावर वाट तोडणारा संरक्षक आहे. आतली दुहेरी धातूची पट्टी तापून वाकते, संपर्क सुटतो आणि बटण बाहेर येते. पट्टी गार होईपर्यंत बटण आत टिकत नाही, म्हणून पिन काढून, भांडे उतरवून, दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि मग बटण "टक्" असा आवाज येईपर्यंत दाबावे. पुष्कळ मिक्सर एवढ्यानेच सुरू होतात.

मात्र सुरू झाला म्हणजे तपासणी संपली असे विद्यार्थ्याला कधीही वाटू देऊ नये. बटण का उडाले, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर तीन टप्प्यांच्या चाचणीने मिळते. प्रथम, मॉडेल तशी परवानगी देत असेल तर, भांड्याविना काही सेकंद मोटर चालवावी. मग भांड्यात अर्धा कप पाणी घालून, झाकण लावून चालवावी. शेवटी नेहमीचे वाटण, अर्धे भांडे, पुरेशा पाण्यासह. पहिल्याच टप्प्यात मोटर जड आवाज करते किंवा बटण उडते, तर दोष मोटरमध्ये. दुसऱ्यात आवाज बदलतो, तर दोष भांड्यात. पहिले दोन टप्पे सुरळीत आणि तिसऱ्यात त्रास, तर बहुतेक वेळा दोष वापरण्याच्या पद्धतीत असतो. एका बटणाच्या मागे असलेले हे तीन वेगळे रस्ते विद्यार्थ्याने स्वतःच्या कानांनी ओळखले की पुढची निम्मी उघडझाप वाचते.

पद्धतीविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण दुकानात हे सहसा कोणी सांगत नाही. घरगुती मिक्सरची मोटर सलग चालण्यासाठी बनवलेली नसते. पुष्कळ मिक्सरवरच्या माहितीच्या पट्टीवर ३० मिनिटांचे रेटिंग दिलेले असते, आणि त्याचा अर्थ ५ मिनिटे चालू, २ मिनिटे बंद अशा फेऱ्यांनी एकूण ३० मिनिटे असा असतो. सलग अर्धा तास असा नव्हे. शेंगदाण्याचे कूट जास्त वेळ फिरवले की तेल सुटून गोळा पात्याला धरतो. ओल्या खोबऱ्याचे वाटण पाणी न घालता केले, इडलीची डाळ गच्च भरली, किंवा अख्खे हळकुंड लहान भांड्यात टाकले, तर पाते अडखळते. युनिव्हर्सल मोटर फिरते तेव्हा तिच्या आत उलट दिशेचे व्होल्टेज तयार होते आणि तेच प्रवाहाला आवर घालते. वेग मंदावला की तो आवर सुटतो आणि प्रवाह वाढतो, पाते पूर्ण अडले की तो अनेक पटींनी वाढतो. शिवाय थंडावा देणारा पंखा त्याच दांड्यावर असल्यामुळे वेग कमी म्हणजे वाराही कमी. मोटर जळते ती या दोन्ही गोष्टी एकदम घडतात म्हणून. "घूं" आवाज आल्यावर नॉब लगेच शून्यावर आणायचा, तो यासाठी.

बटण वारंवार उडते म्हणून ते काढून दोन तारा थेट जोडून देण्याची, म्हणजे "डायरेक्ट" करण्याची पद्धत अनेक ठिकाणी चालते. ग्राहक तेवढ्यापुरता खूश होतो आणि पुढच्या घट्ट वाटणाला आर्मेचर जळते, कधी कधी तळाचे प्लॅस्टिकही वितळते. ज्याला हे काम शिकायचे आहे त्याने हा एक मार्ग स्वतःसाठी कायमचा बंद करावा.

चौथी तपासणी: भांडे, पाते आणि बुश

भांडे उलटे धरून बुडाचा कपलर बोटांनी फिरवावा. पाते सहज, सलग फिरले पाहिजे. अडखळत असेल तर पात्याच्या दांड्याभोवती वाटणाचा थर सुकून बसला आहे; कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवून, कपलर बोटांनी पुढेमागे फिरवत तो सुटतो, आणि भांडे कोरडे झाल्यावर दांड्याजवळ खाद्यतेलाचे एखाददुसरे थेंब सोडावेत. यंत्राचे तेल इथे चालणार नाही, कारण ते पुढच्या चटणीत उतरेल. तरीही जड राहिले, किंवा पाते आडवे हलते, तर बुश, म्हणजे पात्याच्या दांड्याला आधार देणारी नळी, झिजला आहे. बुश आणि वॉशर बदलणे हे स्वस्त काम आहे आणि मिक्सर दुरुस्त करणाऱ्या बहुतेक दुकानांत होते. फक्त पात्याला धार असते हे विसरू नये. आतून पाते धरताना जाड फडके घ्यावे.

झिजलेल्या बुशातून पाणी गळते, ही बाब दिसते त्यापेक्षा गंभीर आहे. ते मीठ-मसाल्याचे पाणी थेट मोटरच्या वरच्या बेअरिंगवर पडते, बेअरिंग गंजते आणि मोटर जड होते. आज बुश न बदलल्याचे बिल उद्या मोटरच्या रूपाने येते, हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे.

पाचवी तपासणी: कपलर

मोटर मोकळी फिरते पण पाते फिरत नाही, तेव्हा मोटरवरचा रबरी किंवा नायलॉनचा कपलर पाहावा. त्याचे दात गोल झालेले, तुटलेले किंवा मधला धातूचा भाग प्लॅस्टिकमधून सुटलेला दिसेल. टेबलावर काळी किंवा पांढरी भुकटी पडत असेल तर तीही याचीच खूण आहे. हा भाग स्वस्त आहे, तुटावा तर आधी हाच तुटावा आणि मोटर वाचावी असाच तो असतो.

काढताना बहुतेक विद्यार्थी उलट्या दिशेने जोर लावतात. आटे असे पाडलेले असतात की चालताना कपलर घट्टच होत जावा. म्हणून दांडा स्थिर धरून, मोटर ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने कपलर फिरवला की तो सुटतो. दांडा धरण्यासाठी काही मॉडेलांत तळाच्या मधल्या छिद्रातून स्क्रू ड्रायव्हरची खाच सापडते. तशी खाच नसेल तर तळ उघडून दांडा धरावा लागतो. पंख्याची प्लॅस्टिकची पाती पकडीने धरू नयेत, ती तुटतात. नवा कपलर घेताना जुना सोबत न्यावा, कारण दातांची संख्या, उंची आणि आटे मॉडेलनुसार बदलतात, आणि भांड्याखालचा जोडीदारही झिजला असेल तर दोन्ही बदलावेत.

सहावी तपासणी: न उघडता मल्टिमीटरने

इथपर्यंत काही सापडले नाही आणि मिक्सर निपचितच असेल, तर मल्टिमीटर घ्यावा. पिन बोर्डाबाहेर. लाल बटण दाबलेले, भांडे बसवायची कळ असेल तर भांडे बसवलेले, नॉब ३ वर. मीटर ओहमवर (विजेला होणारा अडथळा मोजण्याच्या खुणेवर) ठेवून त्याच्या दोन टोकांनी पिनेची फेज आणि न्यूट्रल ही टोके मोजावीत. माळ अखंड असेल तर १०० ओहमच्या खालचा आकडा दिसतो. मीटर "ओएल" (मापाच्या पलीकडे, म्हणजे वाटच नाही) दाखवत असेल तर माळ कुठेतरी तुटली आहे. मग नॉब १ आणि २ वर ठेवून पाहावे. एखाद्याच वेगावर आकडा येत असेल तर स्विचचा संपर्क किंवा फील्ड कॉइलची त्या वेगाची तार संशयित ठरते.

मीटर तसाच लावून वायर हळूहळू वाकवत जावी, विशेषतः ती मिक्सरच्या अंगात शिरते तिथे आणि पिनेच्या मानेजवळ, कारण रोज गुंडाळल्याने तांब्याच्या बारीक तारा तिथेच तुटतात. वाकवल्यावर आकडा येतो-जातो असे दिसले तर वायर बदलायची. चिकटपट्टी गुंडाळून भागवायचे नाही. पिन बोर्डात ठेवून वायर हलवून पाहण्याची सवय धोकादायक आहे, आणि ती सवय फार लोकांना असते.

यानंतरची चाचणी मला विशेष प्रिय आहे, कारण ती काही न उघडता मोटरच्या पोटात डोकावू देते. मीटर जोडलेला असतानाच दुसऱ्या माणसाने मोटरचा कपलर हाताने अगदी सावकाश एक फेरा फिरवावा. भांड्याची कळ असलेल्या मॉडेलात ही चाचणी उघडल्यानंतरच करता येते. आकडा थोडा खालीवर होणे स्वाभाविक आहे. पण तो मध्येच "ओएल" होऊन पुन्हा येत असेल, तर कार्बन नीट टेकत नाहीत किंवा कम्युटेटरची (कार्बन ज्यावर घासतात त्या आर्मेचरवरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्याची) एखादी पट्टी खराब आहे. शेवटी पिनेच्या प्रत्येक टोकापासून कपलरमधल्या धातूच्या दांड्यापर्यंत मोजावे. तिथे कोणताही आकडा येता कामा नये. आकडा आला तर वीज अंगावर उतरते आहे, आणि काम इथेच थांबवावे. आकडा आला नाही तरी ती पूर्ण खात्री नव्हे, कारण मल्टिमीटर काही व्होल्टवर मोजतो. खरी खात्री ५०० व्होल्टचा मेगर (वीज अंगावर गळते का हे मोजणारे यंत्र) देतो आणि तो कारागिराकडे किंवा कार्यशाळेत असतो.

सातवी तपासणी: तळ उघडून कार्बन

वॉरंटी शिल्लक असेल तर उघडू नये. नसेल तर उघडण्याआधी आणि प्रत्येक तार सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढावा, स्क्रू ज्या छिद्रांतून निघाले त्याच क्रमाने कागदावर ठेवावेत. लांब स्क्रू आखूडच्या जागी गेला तर तो आतल्या तारेत शिरू शकतो.

कार्बन हे मोटरच्या दोन बाजूंना पितळी घरांत, स्प्रिंगच्या दाबाखाली बसलेले असतात आणि फिरत्या कम्युटेटरवर घासत आर्मेचरला वीज पोहोचवतात. ते झिजणारच; झिजण्यासाठीच आहेत. नव्या कार्बनच्या साधारण एक-तृतीयांश लांबी उरली, स्प्रिंग सैल किंवा जळून निळसर पडली, किंवा कार्बन घरात अडकून पुढे सरकेनासा झाला, की संपर्क तुटतो. मिक्सरला एक टपली मारल्यावर तो सुरू होतो, अशी तक्रार असेल तर बहुधा हेच कारण निघते. दोन्ही कार्बन एकाच वेळी आणि त्याच मापाचे बदलावेत. जुनेच परत बसवायचे असतील तर ज्या बाजूचा त्याच बाजूला आणि त्याच दिशेने बसवावा, कारण त्याचे तोंड कम्युटेटरच्या गोलाईप्रमाणे घासून तयार झालेले असते. नवे कार्बन सुरुवातीला थोड्या अधिक ठिणग्या देतात. भांड्याविना किंवा हलक्या भाराने थोडा थोडा वेळ चालवल्यावर ते बसतात.

कम्युटेटर काळवंडला असेल तर कोरड्या मऊ ब्रशने कार्बनची पूड काढावी आणि झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने, मोटर हाताने फिरवत, हलकेच पुसावे. एमरी पेपर वापरू नये. त्याचे कठीण कण तांब्यात रुततात. पट्ट्यांच्या मधल्या खाचांत साचलेली पूड लाकडी काडीने काढावी, कारण कार्बन विजेचा वाहक आहे आणि ती पूड शेजारच्या दोन पट्ट्या एकमेकींना जोडून टाकते. एखादी पट्टी उचललेली, खड्डा पडलेली किंवा इतरांपेक्षा फार जळलेली दिसली तर हात आवरावा.

उघडलेच आहे तर स्विच आणि ओव्हरलोड यांच्या दोन्ही टोकांवर मीटर लावून त्या त्या भागाची वाट सलग आहे का तेही पाहून घ्यावे. स्विच बदलणे अवघड नाही. तारांचे रंग व जागा फोटोप्रमाणे जुळवल्या की झाले. ओव्हरलोड बदलताना मात्र त्यावर छापलेले ॲम्पिअर रेटिंग जुन्याइतकेच असले पाहिजे. वरच्या रेटिंगचा बसवणे म्हणजे "डायरेक्ट" करण्याचाच सभ्य प्रकार आहे.

बंद करून पहिली वीज

तळ लावताना तारा पंख्यापासून आणि आर्मेचरपासून दूर खोचल्या आहेत, झरोके मोकळे आहेत, कपलर हाताने फिरवल्यावर काही घासत नाही, हे पाहूनच स्क्रू आवळावेत. पहिली वीज थेट देऊ नये. कार्यशाळेत सिरीज बोर्ड असतो: १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब मिक्सरच्या माळेत ओवलेला. २३० व्होल्टवर तो बल्ब प्रवाहाला अर्ध्या ॲम्पिअरच्या आतच रोखून धरतो, त्यामुळे आत शॉर्ट राहिला असेल तर मोटर किंवा फ्यूज जळण्याऐवजी फक्त बल्ब पूर्ण तेजाने पेटतो. बल्ब काही प्रमाणात पेटला आणि मोटर सावकाश फिरली तर सगळे ठीक. अजिबात पेटला नाही तर माळ अजून तुटलेली आहे. एलईडी बल्बने ही चाचणी होत नाही. आणि बल्ब मध्ये आहे म्हणून शॉक बसत नाही असे मुळीच नाही. सिरीज बोर्ड शिकवणाऱ्याने स्वतः हाताळावा, विद्यार्थ्याने पाहावे. घरी एकट्याने शिकणाऱ्याने तो तयार करण्याच्या फंदात पडू नये.

इथे थांबावे आणि कारागिराला बोलवावे

मिक्सरला हात लावल्यावर मुंग्या किंवा झटका जाणवला असेल, पिनेपासून दांड्यापर्यंत मीटरवर आकडा आला असेल, किंवा मिक्सर लावताच आरसीसीबी वा एमसीबी पडत असेल, तर पिन काढून उपकरण बाजूला ठेवावे आणि पुन्हा लावून खात्री करू नये. मोटरच्या आत पाणी गेले असेल, धूर निघाला असेल, कम्युटेटरभोवती ठिणग्यांचे पूर्ण वर्तुळ दिसत असेल, गुंडाळीचे वार्निश काळे पडले असेल, तर आर्मेचर किंवा फील्ड कॉइलचा दोष आहे आणि त्याची तपासणी ग्राऊलर (आर्मेचरची गुंडाळी तपासणारे साधन) व मेगर असलेल्या वाइंडिंगच्या कारागिराचेच काम आहे. दांडा वरच्या बेअरिंगमध्ये डुगडुगत असेल तरीही तेच; हजारो फेऱ्यांच्या वेगाने फिरणारे आर्मेचर केसाएवढे सरकले तरी फील्डला घासते. सॉकेट तपकिरी पडले असेल तर मिक्सरवाल्याला नव्हे, परवानाधारक वायरमनला बोलवावे. आणि लाल बटण गार होऊन दाबल्यावर, रिकाम्या मोटरवरही, दुसऱ्यांदा उडाले तर तिसऱ्यांदा दाबू नये.

कारागिराकडे नेताना विद्यार्थ्याने लिहिलेली वही सोबत द्यावी: कोणती लक्षणे, कोणत्या वेगावर किती ओहम, काय तपासले आणि काय उघडले. चांगला कारागीर ती वाचतो आणि त्याचा वेळ वाचतो. खर्चाचा अंदाज कामाआधी विचारावा. आर्मेचर आणि फील्ड दोन्ही गेले असतील तर मोटरचा खर्च नव्या मिक्सरच्या किमतीशी ताडून पाहून निर्णय घ्यावा. काढलेले जुने भाग परत मागावेत, ते विद्यार्थ्याला शिकायला उपयोगी पडतात. मिक्सर ताब्यात घेताना कारागिरासमोर भांड्याविना आणि मग पाणी घालून चालवून पाहावा, आणि ओव्हरलोड जोडलेलाच ठेवला आहे ना, हे तळ बंद होण्यापूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.